नितळ पाण्याचा घोर

मी एक जुना नळ आहे, मित्रांनो. तोटी फिरवली की पाणी देतो, तो नव्हे. मला तोटीच नाही. मी भाजलेल्या मातीचा, तुकड्याला तुकडा लावून केलेला, एका मातीच्या धरणाच्या पोटाखाली आडवा निजलेला निचऱ्याचा नळ. माझं सगळं अंग जमिनीत पुरलेलं आहे. बाहेर आहे ते फक्त तोंड, धरणाच्या पायथ्याशी, ओढ्याकडे वळलेलं. ते तोंड उघडं राहावं, एवढंच मला आयुष्यात लागतं.

माझा जन्म मिनेसोटातल्या एका वीटभट्टीत झाला. नदीकाठची निळसर चिकणमाती मळून, साच्यातून काढून, आम्हा तुकड्यांना आगीत बसवलं गेलं. बाहेर आल्यावर एक म्हातारा प्रत्येकाला बोटाच्या पेरानं ठोकून बघायचा. टण्ण वाजला तो पास, भद्द वाजला तो बाजूला. मी टण्ण वाजलो होतो. त्याचा मला फार दिवस अभिमान होता.

मग गाडीत भरून आम्हाला या गावी आणलं. गावाच्या वरच्या अंगाला ओढा अडवून तळं करायचं चाललं होतं. आम्हाला चर खणून त्यात ओळीनं निजवलं. दोन तुकड्यांमध्ये मुद्दाम बोटभर फट ठेवली. मला वाटलं, काम अर्धवटच टाकलं. पण त्या फटीतूनच पाणी माझ्यात यायचं होतं. आमच्या भोवती खडी टाकली, खडीवर माती, मातीवर माती, आणि एक दिवस माझ्या डोक्यावर अख्खं धरण उभं राहिलं.

मित्रांनो, मातीचं धरण म्हणजे काचेची भिंत नव्हे. ते रात्रंदिवस पाझरत असतं, आणि त्यात वावगं काही नाही. मातीत जाड कण असतात, ते एकमेकांना टेकून बसतात. त्यांच्यामधल्या पोकळ्यांतून पाणी हळूहळू चालत येतं, माझ्यात शिरतं आणि मी ते ओढ्याला देतो. पण मातीत पिठासारखे बारीक कणही असतात. ते कुणाला टेकत नाहीत. पाणी चाललं की त्याचं बोट धरून तेही निघतात. वाट रुंद असली तर पार बाहेर पळतात, आणि मागे धरण आतून पोकळ होत जातं. वाट अरुंद असली तर एखादा दारात अडकतो, मागचा त्याच्यावर रेलतो, त्याच्या मागचा त्याच्यावर. शाळा सुटल्यावर दारात पोरांची चेंगराचेंगरी होते ना, अगदी तसं. मग दारही बंद आणि पाणीही बंद. पण पाणी शाळेतल्या पोरांसारखं रांगेत थांबत नाही. ते दुसरं दार शोधतं. नाही सापडलं तर पाडतं.

माझ्या भोवती टाकलेली खडी फार मोठी होती. तिच्या फटींतून पीठ आरामात आत येई. हे माझं जन्मापासूनचं दुखणं. कित्येक वर्षं ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

धरणाची देखभाल आर्विडकडे होती. एका हिवाळ्यात तो गोठ्याच्या छपरावरचा बर्फ काढताना पडला आणि त्याचं कंबरडं मोडलं. तेव्हापासून धरणावरची फेरी त्याच्या बायकोच्या, सिग्नेच्या वाट्याला आली. त्यांचं घर धरणाखालच्या गल्लीत, सगळ्यांत सखल जागी, ओढ्याला लागून. सिग्ने रोज सकाळी गाईची धार काढली की तीच बादली विसळून घेऊन माझ्याकडे येई. कडेवर लहानगी कारी, शालीत गुंडाळलेली. सिग्ने बादली माझ्या तोंडाखाली धरायची आणि चर्चमधलं एक गाणं म्हणू लागायची. बादली भरेपर्यंत एक कडवं होई. कडवं संपलं, बादली भरली, की ती कारीला म्हणायची, "झालं बाई, नळोबा बरे आहेत आज," आणि जायची. तिला घड्याळ लागत नसे. मला तर त्या गाण्याशिवाय सकाळ झाल्यासारखंच वाटत नसे.

एका शरद ऋतूत तिनं बादली उचलली आणि थांबली. पाणी गढूळ होतं. ताकात हळद पडावी तसं. तिनं बादली बाजूला ठेवली आणि कारीला दूध पाजून परत आली. तोवर बादलीच्या बुडाशी बोटभर गाळ बसला होता.

दुसऱ्या दिवशी धरण समितीचा प्रमुख, दुकानदार हाल्वोर आला. त्याची बायको रॅग्नाही आली. गावातल्या थोरल्या बायांना सगळे 'टांटे' म्हणत, म्हणजे मावशी. पण नुसतं टांटे म्हटलं की रॅग्नाच समजायची. चर्चच्या तळघरातली कॉफी तिच्या हातची. दळलेल्या कॉफीत अंडं फोडून, कालवून, उकळून, मग पिठाच्या पोत्याच्या कापडातून गाळायची. कपाच्या तळाशी रंगवलेलं फूल स्पष्ट दिसलं पाहिजे, नाहीतर ती कॉफी ओतून द्यायची.

हाल्वोरनं बादलीत बोट बुडवलं, चोळून बघितलं.

"धरण वाहून चाललंय की काय थोडं थोडं?"

"मग बांध की तोंड," रॅग्ना म्हणाली.

"तोंड बांधून कसं चालेल गं? पाणी जायला हवं ना."

"पाणी जाईल. गाळ जाणार नाही. माझ्या गाळण्यातून कधी कण गेलाय का कुणाच्या कपात?"

"नाही बुवा. तसं म्हणायची कुणाची टाप आहे?"

सिग्ने हसली. मीही हसलो असतो. त्याच दुपारी रॅग्नानं कॉफीचं जाड कापड आणलं, चार पदरी केलं आणि हाल्वोरनं ते तारेनं माझ्या तोंडावर आवळून बांधलं.

दुसऱ्या सकाळी पाणी नितळ आलं. इतकं नितळ की सिग्नेच्या बादलीत आभाळ दिसत होतं. रविवारी चर्च सुटल्यावर लोक मला बघायला आले. किटली आली, कप आले, बटाट्याच्या पातळ पोळ्या लोणी-साखर लावून आल्या. एकेक जण वाकून बघे आणि म्हणे, "वाईट नाही." या गावात यापेक्षा मोठं कौतुक नसतं. लग्नात नवरीला बघूनही म्हणतात, वाईट नाही. घर जळालं तरी म्हणतात, याहून वाईट होऊ शकलं असतं. आरडाओरडा करायची यांना लाज वाटते.

त्या रविवारी मी गावभर मिरवलो, मित्रांनो. आणि त्याच दिवसापासून माझा श्वास कोंडू लागला.

सर्दीनं बाळाचं नाक चोंदतं, तेव्हा ते बिचारं रडतही नाही नीट. नुसतं तोंड उघडून पडतं. माझं तसं झालं. कापडाच्या आतल्या अंगाला पीठ येऊन चिकटलं, त्याचा थर झाला. थरातून पाणी कष्टानं जाई. मागे माझ्या पोटात गाळ बसू लागला. मग माझ्या फटींत. मग फटींबाहेरच्या खडीत. खडीमधल्या ज्या वाटा पाण्यासाठी होत्या, त्या एकेक करून बुजल्या. बाहेर मात्र थेंब न् थेंब चांदीसारखा.

हिवाळ्यात सिग्नेला बादली भरायला दोन कडवी लागू लागली. मग सगळं गाणं. बर्फ वितळू लागला तेव्हा गाणं संपून ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची.

ती घरी जाऊन आर्विडला सांगे आणि वर येऊन हाल्वोरला सांगे. एकदा तिनं माझ्या समोरच त्याला विचारलं.

"अहो हाल्वोर, पाणी फार कमी झालंय. हे बरं आहे ना?"

"अगं, बरंच की! गळती कमी झाली. जखम भरून येते तसं धरण भरून आलं."

"पण तळं तर तुडुंब आहे. मग खाली पाणी जास्त यायला नको?"

हाल्वोर जरा घुटमळला. "सिग्ने, नितळ आहे ना?"

"नितळ आहे."

"मग झालं तर."

पण जाताना सिग्नेनं तळहात माझ्या बाजूच्या मातीवर ठेवला, बाळाला ताप आहे का बघावं तसा.

वसंत आला तो एकदम आला. साचलेल्या बर्फावर पाऊस पडला. तळं फुगून सांडव्याच्या फळ्यांना टेकलं. सांडव्यात एकावर एक लाकडी फळ्या बसवलेल्या होत्या. त्या काढल्या की तळं उतरतं. पण सोडलेलं सगळं पाणी ओढ्यानं जातं, आणि ओढ्याच्या काठी पहिलं घर सिग्नेचं.

मला आतून जो दाब जाणवत होता, तो सांगायला माझ्यापाशी शब्द नाहीत. पाणी माझ्या फटींपाशी येई, धडका मारी आणि वर वळे. ते आता माझ्या वरच्या मातीत चढलं होतं. जाड कण एकमेकांना टेकून बसलेले, त्यांच्यामध्ये पाणी घुसून त्यांना उचलत होतं. टेकू सुटत होते. मला ते ऐकू येत होतं. खिशात वाळू सरकावी तसा बारीक आवाज.

त्या सकाळी सिग्ने उतारावरून येताना तिचा बूट घोट्यापर्यंत रुतला. धरणाच्या उताराच्या मध्यावर सगळीकडे बर्फ होता, आणि तिथं मात्र परातीएवढं हिरवं गवत, लसलसणारं. तिनं बूट उपसला. खड्ड्यात पाणी भरलं. ती खाली माझ्याकडे आली, बादली धरली. गाणं म्हटलंच नाही. माझ्या तोंडातून थेंब पडत होते. थेंब, धार नाही.

ती पळत सुटली. या गावात कुणी पळत नाही. म्हणून तिला पळताना बघूनच माणसं निघाली.

हाल्वोर आला, आणखी पाच-सहा जण फावडी घेऊन आले. परातीएवढी ओल आता खाटेएवढी झाली होती.

"वसंतात सगळंच ओलं असतं," एकानं म्हणून बघितलं.

"तिथून पाणी वाहतंय," सिग्ने म्हणाली. "वर. नळ खाली आहे आणि पाणी वर येतंय."

"मग वरून माती टाकून दाबून टाकू."

फावडी चालू झाली. चिकणमाती आणून त्या ओल्या जागेवर थापू लागले. मित्रांनो, माझं एक तोंड त्यांनी प्रेमानं बांधलं होतं, आता धरणानं स्वतः उघडलेलं दुसरं तोंडही ते प्रेमानंच बंद करत होते. ओल मातीच्या कडेनं आणखी रुंद होऊन बाहेर आली.

"फळ्या काढा, हाल्वोर," आर्विड म्हणाला. तो कुबड्या घेऊन कसाबसा आला होता.

"तुझ्या घरात पाणी शिरेल, आर्विड. खिडकीपर्यंत. नाही काढणार मी. हे थांबेल."

माणूस किती चांगुलपणानं चुकू शकतो, ते मी त्या दिवशी पाहिलं.

रॅग्ना कॉफी घेऊन आली होती. माणसं राबताहेत म्हटल्यावर ती येणारच. माझ्या तोंडाशेजारच्या सपाट दगडावर तिनं मोठा कॅन ठेवला, त्यावर कापड धरलं आणि घाईघाईत किटली उपडी केली. चुलीवर उकळताना गडबडीत अंडं घालायचं राहिलं होतं. अंड्यानं चोथ्याचे गोळे होतात, ते गाळायला सोपे. हा चोथा सुटा, बारीक. तो कापडावर पसरून बसला. खाली थेंब थेंब पडू लागलं आणि वर कॉफी भरत आली, काठाशी आली, आणि कापडाच्या कडेवरून भळकन बाहेर सांडली. हाल्वोरच्या बुटांवर.

"अगं, भाजलं की! लक्ष कुठाय तुझं?"

रॅग्ना कापडाकडे बघत होती. मग कॅनमध्ये बघितलं. तळाशी इतकीशी कॉफी, काचेसारखी. मग तिनं मान वर करून उताराकडे बघितलं, जिथून पाणी भळभळत होतं.

"हाल्वोर," ती अगदी हळू म्हणाली, "मी गळा आवळलाय रे नळाचा."

कारी शालीतून कुरकुरली.

हाल्वोरनं खिशातून चाकू काढला. सिग्नेनं त्याचा हात धरला. "एकदम नको. आत काय साचलंय आपल्याला ठाऊक नाही. जिल्ह्याच्या इंजिनिअरला विचारा आधी. आमच्या घरून फोन करा."

तो गेला. रस्ते पाण्याखाली होते, इंजिनिअर येऊ शकत नव्हता, पण फोन लागला. हाल्वोर परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

"दोन गोष्टी सांगितल्या त्यानं," तो म्हणाला. "कापड काढायचं. गढूळ पाणी येईल, येऊ द्यायचं, पण मोकळं सोडायचं नाही. तोंडावर आणि त्या ओल्या जागेवर आधी वाळू टाकायची, तिच्यावर जाड वाळू, तिच्यावर खडी. पाण्याला अडवायचं नाही, कणाला अडवायचं. थापलेली चिकणमाती आधी खरवडून काढायची."

"आणि तिसरी?" सिग्नेनं विचारलं.

"दोनच."

"हाल्वोर, तुम्ही माझ्या स्वैपाकघरातून बोलून आलात आणि माझ्याकडे बघत नाही आहात. तिसरी काय?"

हाल्वोरनं टोपी काढली. "फळ्या. सगळ्या. आत्ता."

सिग्नेनं ओढ्याकडे बघितलं. तिथून त्यांचं घर दिसतं. धुराड्यातून धूर येत होता, सकाळी भिजवलेली कणीक चुलीजवळ फुगत ठेवलेली असणार. खिडकीत कारीचे लंगोट वाळत होते. तिनं आर्विडकडे बघितलं. तो फक्त म्हणाला, "गाय बाहेर काढायला हवी."

"टांटे, हिला धरा," सिग्नेनं कारीला रॅग्नाच्या हातात दिलं. "फळ्या काढा, हाल्वोर. खाली अख्खी गल्ली आहे. आमचं घर बुडेल, ते दिसेल तरी. हे फुटलं तर बघायलाही कुणी उरणार नाही."

मग कुणी 'वाईट नाही' म्हटलं नाही. चौघे सांडव्याकडे धावले, बाकीचे वाळूच्या ढिगाकडे. सिग्ने गायीकडे. हाल्वोरनं गुडघे टेकले आणि माझ्या तोंडावरची तार कापली.

जे बाहेर आलं ते पाणी नव्हतं. तो खळीसारखा दाट चिखल होता, भक्कन सुटला. माणसं मागं सरली. "फुटलं! फुटलं!" कुणीतरी ओरडलं. "बंद करा ते!" आणि खरं सांगतो, हाल्वोरचे दोन्ही हात मला बंद करायला पुढं आले होते. माणसाचे हात त्यासाठीच पुढं येतात. त्यानं ते मागे घेतले. "वाळू," तो ओरडला, "वाळू आणा!"

वाळू आली. ती आली की पाण्याचा जोर मंदावे आणि पीठ तिच्यात अडके, पण पाणी वाट काढून जाई. मग जाड वाळू, मग खडी. वरच्या ओल्या जागेवरही तसेच थर. एक थर वाहून गेला, पुन्हा टाकला. दुपार कलली. माझ्या अंगातला दाब चिमूट चिमूट उतरत होता, आणि दर चिमटीला मला वाटे, आता मातीचा टेकू सुटणार. उतारावर एक भेग पडली, हातभर लांब. सगळे तिच्याकडे बघत उभे राहिले. ती वाढली नाही.

सांडव्यावरून पाणी गर्जत ओढ्यात उतरलं. धुराड्यातला धूर थांबला. संध्याकाळच्या आत सिग्नेच्या स्वैपाकघराच्या खिडकीपाशी पाणी लागलं. ती गाईचा दोर धरून उंचवट्यावर उभी होती. रॅग्ना कारीला घेऊन तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

"माझंच कापड, बाई," रॅग्ना म्हणाली.

"आणि मीच रोज बघत होते, टांटे. नितळ आहे, नितळ आहे म्हणत." सिग्नेनं तिचा हात धरला. "कारीला द्या इकडे."

धरण टिकलं. गल्लीतलं एकही लेकरू त्या रात्री उघड्यावर झोपलं नाही. सिग्ने आणि आर्विडचं घर मात्र राहण्यासारखं उरलं नाही. उन्हाळाभर ते हाल्वोरच्या दुकानावरच्या खोल्यांत राहिले आणि थंडी पडायच्या आत सगळ्या गावानं मिळून त्यांना टेकडीवर नवं घर बांधून दिलं. त्याच उन्हाळ्यात इंजिनिअरच्या देखरेखीखाली मला उकरून काढलं, धुतलं, आणि पुन्हा निजवताना भोवती खडी, जाड वाळू, बारीक वाळू असे थर नीट निवडून घातले. जाड माझ्याजवळ, बारीक मातीकडे. तेव्हापासून पीठ जागच्या जागी राहिलं आणि पाणी तेवढं माझ्याकडे आलं. त्यानंतर मी खूप वर्षं सुखानं वाहिलो.

मित्रांनो, आता सिग्ने नाही. आर्विड, हाल्वोर, टांटे, कुणीच नाही. कारी दूर शहरात असते, असं ऐकतो. तळ्याकाठी सुट्टीतली सुंदर घरं झाली आहेत. लोक होड्या घेऊन येतात, धरणावरून फिरतात. मी इथं आहे हे त्यांना ठाऊक नाही. माझ्या तोंडाशी पाण्याच्या ओढीनं वाढणारं विलोचं झाड उगवलं आहे, त्याची मुळं केसांसारखी माझ्यात उतरली आहेत. गेल्या वर्षी कुणीतरी माझ्यासमोर चपटे दगड रचून बसायला छान जागा केली. त्यांचा हेतू चांगलाच होता.

माझी विनवणी एवढीच. तुमच्या गावीही माझ्यासारखं कुणीतरी जमिनीत निजलेलं असेल. धरणाखाली, शेताच्या बांधात, घरामागच्या चरात. त्याच्याकडे येत जा. वाका. पाणी गढूळ आहे का बघा, पण तेवढं बघून उठू नका. भांडं धरा, एखादं गाणं म्हणा आणि ते भरायला किती वेळ लागतो ते मनात ठेवा. मागच्यापेक्षा जास्त लागला, तर लाजू नका. पळत सुटा, आरडाओरडा करा.

यंदा बर्फ फार पडला आहे. तळं काठाला आलं आहे. माझ्या तोंडातून दगडांच्या फटीतून पाणी येतं आहे, अगदी नितळ, चांदीसारखं. आणि रोज थोडं कमी.